कंपनीचा माणूस

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजात पहिल्यांदा खरीखुरी सॉफ्टवेअर कंपनी आली. त्याआधी यायचे ते विमा विकणारे, नाहीतर वापीकडच्या कारखान्यांतले साहेब, आणि तेही मेकॅनिकलच्या मुलांना घेऊन जायचे. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांकडे कुणी ढुंकून बघत नसे. त्यामुळे २०१७ च्या दिवाळीनंतर प्लेसमेंटच्या सरांनी नोटीस लावली तेव्हा तलासरीच्या अलीकडे, हायवेला लागून असलेलं आमचं ते छोटं कॉलेज एकदम लग्नघर झालं.

सरांनी कॉरिडॉरला रंग लावून घेतला. तो आदल्या दिवशीच लावल्यामुळे मुलाखतीला निघालेल्या निम्म्या मुलांच्या शर्टांच्या बाह्या फिक्या हिरव्या झाल्या. मुलांना टाय सक्तीचा होता आणि सबंध कॉलेजात टाय बांधता येणारा एकच माणूस होता, आमचा वॉचमन. तो पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. सकाळी गेटवर त्याच्यापुढे रांग लागली आणि त्याने सगळ्यांना बँडवाल्यांची गाठ मारून आत सोडलं. मुलींना टाय नव्हता, फक्त 'फॉर्मल' या असं सांगितलं होतं. फॉर्मल म्हणजे नक्की काय हे सरांनाही सांगता येईना. तेव्हा मी आणि माझी मैत्रीण, आम्ही बँकेतल्या बायका घालतात तसे साधे पंजाबी ड्रेस घालून गेलो.

ही मैत्रीण तलासरीची. हायवेवर जिथे गाड्या थांबतात तिथे तिच्या आईची चहा-भज्यांची टपरी होती, आणि टपरीच्या मागे थोडं आत गेलं की घर. ती घरी वारली बोलायची, टपरीवर गुजराती, माझ्याशी मराठी, आणि इंग्रजीत मात्र गप्प बसायची. माझं उलट होतं. मला इंग्रजी येत नव्हतं, पण मी गप्प बसत नव्हते. आमची जोडी त्यामुळे चांगली जमली होती, आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही आम्ही दोघींनी मिळूनच केला होता.

प्रोजेक्ट म्हणजे मोबाईलवरचं एक ॲप. डहाणूला जाणारी एसटी आता कुठवर आली आहे, ते त्यात दिसायचं. दिसायचं म्हणजे खरोखर दिसायचं, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचं. कॉलेजात त्याचं फार कौतुक झालं. ॲपला ही बातमी कुठून कळते, ते मात्र कुणी विचारलं नव्हतं. बातमी मैत्रिणीच्या आईकडून यायची. गाडी टपरीवरून पुढे गेली की ती हात पुसून मुलीला मिस्ड कॉल द्यायची, आणि आमच्यापैकी जिला सवड असेल ती बटण दाबायची.

सकाळी लेखी परीक्षा होती, कॉम्प्युटरवर. निम्मा पेपर झाला आणि लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला बराच वेळ लागला, तोवर आम्हाला बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं केलं. त्या वेळात तिथे काय झालं ते मी सांगत नाही. एरवी कधी एकत्र अभ्यास न केलेली मुलं तेव्हा फार शिस्तीने एकत्र उभी होती, एवढंच. लाइट आल्यावर पेपर पहिल्यापासून सुरू झाला, आणि प्रश्न तेच आले. दुपारी कंपनीच्या लोकांनी सरांना सांगितलं की इतक्या लहान जागी इतकी हुशार मुलं असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. सर दिवसभर छाती पुढे काढून फिरत होते.

मुलाखत घेणारे साहेब पुण्याचे होते. बारीक, चष्मा लावलेले, आणि सकाळपासून तीच ती उत्तरं ऐकून कंटाळलेले. त्यांनी माझा प्रोजेक्ट विचारला. मी सांगितला. त्यांनी विचारलं, गाडीची माहिती तुम्हाला मिळते कशी, गाडीत काही यंत्र बसवलंय का. मी म्हटलं, गाडीत नाही, हायवेवर एक सेन्सर आहे. हे मी इतक्या सहज बोलून गेले की पुढे काय विचारलं जाईल याचा विचारच केला नव्हता.

साहेब सरसावून बसले. सेन्सर कोणत्या जातीचा, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघून ओळखणारा. मग त्यांनी विचारलं, रात्री चालतो का. मी म्हटलं, संध्याकाळी बंद होतो. पावसात? पावसात जरा उशिरा कळवतो. आणि दुपारी एक तासभर काहीच कळवत नाही, असं मी आपणहून सांगितलं, कारण तोवर मला मजा यायला लागली होती. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

माझ्यानंतर मैत्रिणीचा नंबर होता. मी तिला दारातच सेन्सरचं सांगणार होते, पण सर मध्ये उभे. ती आत गेली. तिला साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुमचा तो सेन्सर दुपारी का बंद असतो. ती बिचारी सरळ म्हणाली, "सर, ती माझी आई आहे. दुपारी जेवते."

ती बाहेर येऊन हे सांगायला लागली तेव्हा मी भिंतीला टेकले आणि माझ्याही बाहीला रंग लागला. आता दोघींचंही गेलं, असं आम्ही धरून चाललो. पण नंतर एचआरच्या मॅडमसमोर आम्हा दोघींनाही बोलावलं. मॅडम जाड फायली घेऊन बसल्या होत्या आणि फार गोड बोलत होत्या. मला त्यांनी विचारलं, घर सोडून दुसऱ्या शहरात राहायची तयारी आहे का. मी म्हटलं, आमच्या गावाजवळ समुद्रात मोठं बंदर व्हायचं घाटतंय, ते आलं तर घर तसंही सोडावं लागेल, तेव्हा आधीच सवय झालेली बरी. हसावं की हळहळावं ते त्यांना कळेना. त्या पाणी प्यायल्या.

संध्याकाळी नावं लागली. आम्ही दोघीही होतो. पुण्याचे साहेब गाडीत बसता बसता मैत्रिणीला म्हणाले, हायवेला लागताना तुमच्या सेन्सरकडे चहा घेऊ. आणि खरंच थांबले. भजी खाऊन वर बांधूनही घेऊन गेले, असं तिच्या आईने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

इथवर सगळं ठीक झालं. घोळ झाला तो पुढे, आणि तो माझ्या एका वाक्याने झाला.

आमचं गाव वाढवणच्या शेजारचं. घरचं थोडं भात, भाजीपाला, मागे चिकूची झाडं. समुद्रात मोठं बंदर होणार ही गोष्ट माझ्या लहानपणी मिटल्यासारखी झाली होती, ती मी बारावीत असताना पुन्हा निघाली. तेव्हापासून गावात कुणी अनोळखी माणूस बॅग घेऊन आला की तो सर्व्हेवाला ठरायचा. माझे काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, गावच्या बंदरविरोधी समितीत होते. त्यांना मोर्चाला जायला आवडायचं, पण त्यांचं खरं कसब वेगळं होतं. आरडाओरडा केला की पोलीस येतात, तेव्हा माणसाला बसवून चहा पाजावा आणि काहीही सांगू नये, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी गावाला शिकवलं होतं. आणि आमच्या गावात नुसतं 'कंपनी' म्हटलं की ती एकच कंपनी, बंदरवाली.

नोकरीच्या पत्रासोबत मेल आली होती. तुमचा पत्ता तपासायला आमच्या वतीने एक प्रतिनिधी घरी येईल, शेजाऱ्यांकडे चौकशी करील, घराचा फोटो काढील. परीक्षा जवळ आली होती. एके दिवशी सकाळी शेअर रिक्षा निघायच्या घाईत मी चपला घालता घालता आईला म्हटलं, "कंपनीचा माणूस येणारे घरी. चौकशी करेल, फोटो काढेल." आणि पळाले.

आईने विहिरीवर काकूला सांगितलं. काकूने काकांना सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं की कंपनीचा माणूस येतोय, घरांचे फोटो काढणार आहे, आणि सुरुवात आमच्या घरापासून आहे.

तो दोन-तीन दिवसांनी आला. मी कॉलेजात होते. पुढचं सगळं मला त्या संध्याकाळी ऐकायला मिळालं, आणि तेही जत्रेहून आल्यासारख्या उत्साहाने. मी रिक्षातून उतरले तर आमच्या ओट्यावर निम्मं गाव बसलेलं. काका मधोमध. मला बघून त्यांनी जागा केली आणि म्हणाले, "ये बाय, बस. आज कंपनीला पाणी पाजलं."

मी हौसेने बसले. त्यांनी सांगितलं ते असं. मोटारसायकलवरून एक माणूस आला, उंबरगावकडचा असावा, बोलण्यात गुजराती हेल. नाक्यावर त्याने माझ्या वडिलांचं पूर्ण नाव घेऊन घर विचारलं. कुणाकडून आलात, असं विचारलं तर म्हणाला, कंपनीकडून. पानवाल्याने त्याला समुद्राकडे पाठवलं. तिथल्या म्हातारीने त्याला शहाळं दिलं आणि शाळेमागे पाठवलं. शाळेमागच्यांनी चहा दिला आणि सांगितलं, ती मंडळी पूर्वी होती, आता नाहीत. पुढच्या घरात पुन्हा चहा. असा फिरत फिरत, पोटात चहा घेऊन तो दमून आमच्याच ओट्यावर आला आणि काकांना विचारायला लागला.

वडिलांना ओळखता का, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, नाव ऐकल्यासारखं वाटतंय. घर त्यांचं स्वतःचं की भाड्याचं? काका म्हणाले, कुठलं घर? किती वर्षं इथे राहतात? काकांनी उलट विचारलं, राहतात असं तुम्हाला सांगितलं कुणी. त्याने अंगणात उतरून आमच्या घराचा फोटो काढायला मोबाईल वर केला तर काका म्हणाले, ते भजनी मंडळाचं आहे, मंडळाची परवानगी लागेल.

"आणि तुझा बाप," काका माझ्या वडिलांकडे हात करून म्हणाले, "हा माझ्या शेजारीच बसलेला. त्या माणसाने विचारलं, हे कोण. तर हा म्हणतो, मी पाहुणा, तलासरीहून आलोय."

सगळे हसले. वडील लाजले. त्यांना खोटं बोलता येत नाही, त्यामुळे त्यांचं त्या दिवशी विशेष कौतुक चाललं होतं. मीही हसले. भरपूर हसले. मग कुणीतरी म्हणालं, तो पोरीचंही काहीतरी विचारत होता, तिचं शिक्षण, तिची वागणूक. काकू म्हणाली, हो, मेला मुलीबाळींची चौकशी कशाला करतो, म्हणून मी सांगितलं, या गावात अशी कोणी मुलगीच नाही.

माझं हसू तिथे थांबलं.

मी विचारलं, त्याच्या हातात जमिनीचे नकाशे होते का. नव्हते. मोजायची टेप? नव्हती. मग काय होतं? मोबाईल होता, वडील म्हणाले, आणि एक कागद, त्यावर तुझा फोटो होता. फोटो बघून त्यांना जरा चमत्कारिक वाटलं होतं, पण काका बोलत होते म्हणून ते मध्ये बोलले नाहीत.

मी सगळ्यांना सांगितलं की तो माझ्या कंपनीचा माणूस होता. एकेक जण चपला शोधून उठायला लागला. काका मात्र बसून राहिले. शेवटी म्हणाले, कंपनीचा माणूस येणार, असं तूच म्हणाली होतीस ना. ते खरंच होतं, त्यामुळे मला रागावताही येईना. आई आत जाऊन भांडी आपटायला लागली, आणि ती कुणावर रागावली होती ते आम्हा तिघांनाही कळत होतं.

मेल आलीच. पत्त्यावर उमेदवार आढळली नाही, शेजाऱ्यांनी कुटुंबाला ओळखण्यास नकार दिला, खुलासा करावा. मी एचआरच्या मॅडमना फोन केला. जमेल तेवढं हिंदीत, उरलेलं मराठीत सगळं सांगितलं, बंदर, समिती, चहा, शहाळं, काका. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, अहवालात असं लिहिलंय की त्या घरात भजनी मंडळ आहे. मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरात कुणाला गाता येत नाही. पलीकडून फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. त्या हसत होत्या, हे मला नंतर कळलं. पुन्हा तपासणी करायला सांगते, म्हणाल्या, पण या वेळी त्याला घर सापडायला हवं.

पण तो माणूस यायला तयार नव्हता. पत्ते तपासणाऱ्या एजन्सीकडून त्याचा नंबर मिळवून मी फोन केला तर म्हणाला, "बेन, तुमच्या गावात मला कोणी शिवी नाय दिली, हात नाय लावला. पण घरी जाऊन मी दोन दिवस झोपून होतो. एवढा चहा माणूस पीत नाय." त्याने सुचवलं की आपण डहाणू स्टेशनबाहेर भेटू, तिथेच फोटो काढू. मग त्यालाच आठवलं की फोटो घराच्या दारातच काढावा लागतो, मोबाईल जागा नोंदवतो.

शेवटी मैत्रिणीने तोडगा काढला. तिच्याकडे तोच माणूस येऊन गेला होता, आणि तिचं काम चुटकीसरशी झालं होतं. टपरीवर बसून त्याने सगळी माहिती भरली आणि भजी खाल्ली. ती म्हणाली, तो मला ओळखतो, मी त्याला घेऊन येते. ती खरोखर तलासरीहून त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. वाटेत रानशेतला तिने त्याला काही खाऊ घालायचा प्रयत्न केला, पण त्याने पोटावर हात ठेवून नको म्हटलं.

या वेळी गावाने दुसरं टोक गाठलं. ज्यांनी त्याला समुद्राकडे पाठवलं होतं तेच नाक्यावर घ्यायला उभे. म्हातारी पुन्हा शहाळं घेऊन. पानवाला पुढे पळत रस्ता दाखवत होता. आमच्या ओट्यावर काका पांढरा शर्ट घालून बसले होते, आणि वडील आत कपाटातून रेशनकार्ड, लाइट बिल, माझ्या शाळेचा दाखला, सगळं काढून आणत होते. वडील बाहेर आले तसा तो माणूस थांबला. त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं.

"हे तर तलासरीचे पाहुणे," तो म्हणाला.

वडिलांनी मान खाली घातली. मैत्रीण मला चिमटा काढत होती. मी म्हटलं, पाहुणे नाहीत, ते माझे बाबा आहेत. त्याने रेशनकार्डावरचा फोटो बघितला, मग वडिलांचा चेहरा, मग पुन्हा फोटो. फोटो जुना होता आणि त्यात वडिलांना मिशा होत्या. आता नव्हत्या. शेवटी आईने भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढून आणून त्याच्या मांडीवर ठेवला, आणि तेव्हा त्याचं समाधान झालं.

काकांचं मात्र झालं नव्हतं. सगळं मान्य, ते म्हणाले, पोरीची नोकरी आहे, तिच्या आड मी येणार नाही. पण घराचा फोटो काढायचा असेल तर आधी एक गोष्ट लिहून द्या. त्यांनी कागद पुढे केला. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे बघितलं. मग त्याने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं की मी जमीन मोजायला आलेलो नाही आणि बंदराशी माझा काही संबंध नाही, आणि खाली सही केली. त्याचं मराठी लिखाण कच्चं होतं. मध्ये काकांनीच एक वेलांटी दुरुस्त करून दिली.

मग फोटो झाला. आई, वडील, मी, आणि सांगूनही न हललेले काका, असे चौघे दारात उभे राहिलो. फक्त उमेदवार हवा, असं तो दोनदा म्हणाला. मग त्याने तसाच काढला.

शेजाऱ्यांची चौकशी सगळ्यात लांबली. आधी कुणी ओळख देत नव्हतं, आता प्रत्येकाला सांगायचं होतं. मी लहानपणी कुणाच्या पेरूच्या झाडावरून पडले, कुणाच्या लग्नात नवरदेवाच्या चपला पळवल्या, हे सगळं त्याला ऐकवण्यात आलं. त्याने मोबाईलवर काय टाइप करावं ते त्याला कळेना. वागणूक कशी आहे एवढंच सांगा, तो म्हणाला. म्हातारीने विचार करून सांगितलं, द्वाड आहे, पण मनात ठेवत नाही. तो म्हणाला, मी 'चांगली' असं लिहितो.

निघताना त्याने चहा अर्धाच घेतला. मोटारसायकलला वांग्यांची आणि चिकूंची पिशवी बांधली गेली, ती त्याने नाही म्हणत म्हणत नीट आवळून घेतली. मैत्रीण त्या दिवशी आमच्याकडेच राहिली. तो गेल्यावर काकांनी सहीचा कागद वाचून दाखवला, मग समितीच्या फाइलला लावला. पुढे कुणी बाहेरचं आलं की ते तो कागद काढून दाखवायचे. कंपनीने लिहून दिलेला आमच्याकडचा हा एकच कागद, असं सांगायचे, आणि कोणत्या कंपनीने ते सांगत नसत.

नंतर मॅडमचा फोन आला. अहवाल नीट आला होता. त्यांनी मुद्दाम मला त्यातली एक ओळ वाचून दाखवली, कारण तसं वाक्य त्यांनी आधी कुठल्याच अहवालात वाचलं नव्हतं. वडिलांच्या नावापुढे त्या माणसाने लिहिलं होतं, 'दुसऱ्या भेटीत वडील असल्याची खात्री झाली.' मी ते घरी सांगितलं. आईला हसू आवरेना, आणि वडील मात्र म्हणाले, बरं झालं, लेखी आहे.

२०१८ च्या पावसाळ्यात आम्ही दोघी पुण्याला रुजू झालो. पहिल्या दिवशी आम्हाला एकाच ओळीत बसवलं होतं. मैत्रिणीने इंग्रजीत स्वतःची ओळख करून दिली, सबंध तीन वाक्यं, एकही न अडता. मी माझी ओळख जरा लांबवली, तेव्हा मला खाली बसायला सांगितलं.